गुऱ्हाळाचा पत्रा आणि विमानाची सुई

मला राग लवकर येतो आणि गोष्ट उशिरा कळते. हे दोन्ही गुण एकाच माणसात एकत्र नांदले की काय होतं, ते मी ऐंशीच्या दशकातल्या एका गुळाच्या मोसमात पुरतं भोगलं. तेव्हा मी कोल्हापूरबाहेरच्या धावपट्टीवर वायरलेसची यंत्रं सांभाळत होतो. आसपासची माणसं त्या जागेला ‘इमानाचा माळ’ म्हणत. दिवसाला एखादं छोटं विमान यायचं, कधी तेही नाही. एरवी मी, माझे साहेब, जीपचा ड्रायव्हर आणि धावपट्टीवर हक्कानं चरायला येणाऱ्या म्हशी, एवढीच वस्ती.

यंत्रांविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यांच्यातच आहे. एक होता जुना बीकन. तो चोवीस तास एकच खूण हवेत सोडत बसायचा आणि विमानातला काटा त्याच्याकडे तोंड करायचा. दुसरा वायरलेस, पायलटशी बोलायचा. आणि तिसरं यंत्र नवंकोरं होतं. पायलट बोलला, की त्याचा आवाज कुठल्या दिशेनं आला ते त्यावरची सुई दाखवायची. मी ती वाचून त्याला सांगायचो, की बाबा तू आमच्यापासून अमुक दिशेला आहेस. आवाजावरून माणसाची जागा सांगणारी सुई. मला तिचा फार अभिमान होता. पाहुण्यारावळ्यांना मी ती दाखवायला न्यायचो आणि साहेबांच्या शिव्या खायचो.

हे यंत्र बसवलं ते भर श्रावणात. बसवणाऱ्या माणसांनी धावपट्टीभोवती ठरावीक अंतरावर दगड रोवले, जीप प्रत्येक दगडापाशी नेली, तिथून वायरलेसवर बोलायला लावलं आणि सुई पाहिली. सगळ्या दगडांवर सुई बरोबर. चिखलानं भरलेल्या बुटांनी ते पास झाल्याची सही करून गेले.

आमच्या तारेच्या कुंपणापलीकडे, उत्तरेच्या अंगाला दोनेकशे पावलांवर, एक गुऱ्हाळ होतं. श्रावणात तिथे काहीच नसतं. मातीचा ओटा आणि चुलवणाचा खड्डा, तोही पाण्यानं भरलेला. मृगाआधी मालक सगळे पत्रे उतरवून घरी नेऊन ठेवायचे आणि दसऱ्यानंतर परत उभे करायचे. आमच्या भागातली ही रीतच आहे. हे मला श्रावणात सुचलं असतं तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं.

त्या गुऱ्हाळाचे गुळव्या माझे अब्बा होते. गुळव्या म्हणजे रस आटताना काहिलीपाशी, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईपाशी, उभा राहून ती कधी उतरवायची ते सांगणारा. बाकी सगळे राबतात, बोलतो तो एकटा. घटकाभर आधी सांगितलं तर गूळ बसत नाही, घटकाभर उशीर झाला तर काळा पडतो. आम्ही मुसलमान आणि मालक मराठे, पण चुलवण पेटवताना मालक नारळ फोडायचे, अब्बा बिस्मिल्ला म्हणायचे आणि दोघांपैकी कुणालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटायचं नाही. अमावास्येला गुऱ्हाळ बंद. ती अमावास्या मालकांच्या पंचांगातली, पण सुट्टी आमच्याही घरातली. अम्मी त्या दिवशी मटण करायची.

आता खरी गोष्ट. अब्बांना दिसत नव्हतं. अगदी अंधार नव्हता, पण उजेडात माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही. वीस-पंचवीस वर्षं वाफेत आणि धुरात घालवलेली. डॉक्टरांनी तपासून हात टेकले होते. तरी अब्बा काहील उतरवत होते, ते कानावर. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याची उभी भिंत होती, चुलवणाचा जाळ इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. पूर्वी तिथे पाचटाची झड होती, ती एकदा पेटली आणि अब्बांचा डावा हात भाजला, तेव्हापासून पत्रा. त्या भिंतीला पाठ लावून, काहिलीकडे तोंड करून अब्बा उभे राहायचे. रस आधी खळखळतो, मग जड होतो, मग फट् फट् असा सुटा आवाज यायला लागतो. त्या आवाजात काहीतरी बदलायचं आणि अब्बा हात वर करायचे. हे मालकांना माहीत होतं, अम्मीला माहीत होतं आणि मला. मालकांनी चकार शब्द काढला नव्हता. पण दुसऱ्या कुठल्या गुऱ्हाळावर न दिसणारा गुळव्या कोण ठेवणार? ते गुऱ्हाळ होतं तोवर अब्बा कामाचे होते. ते गेलं की संपलं, हे मला लख्ख कळत होतं. उभ्या हिवाळ्यात तेवढी एकच गोष्ट मला कळत होती.

दिवाळी झाली आणि सुई बिघडली. मुंबईकडून येणारं विमान वायव्येला असायचं, पायलट तसं सांगायचा, आणि आमची सुई दहा-बारा अंश भलतीकडे. बरं, एकाच जागी चुकली तर हिशेब लावता येतो. विमान जरा पुढे सरकलं की ही बया डावीकडून उजवीकडे जायची. दक्षिणेकडून बेळगावच्या बाजूनं कुणी आलं तर मात्र शहाण्यासारखी सरळ. मी वायरी पाहिल्या, एरियलचा खांब पाहिला, सगळे जोड उघडून परत घट्ट केले. साहेबांनी चार दिवस माझी खटपट पाहिली आणि पाचव्या दिवशी खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, “तिकडून काही आलं की बिघडतं. तिकडे काय आहे? गुऱ्हाळ आहे. त्याचा निकाल लाव. बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल.”

साहेब सोलापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. माझा बाप त्या गुऱ्हाळावरच उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. का सांगितलं नाही, याची त्या वेळी माझ्याकडे तीन-चार कारणं होती. आज एकही आठवत नाही.

दुपारी गुऱ्हाळावर गेलो. अब्बांना माझी चाल कळायची.

“आज लवकर सुटलास?”

“न्हाई, कामावरच आलोय. तुमच्या गुऱ्हाळानं आमची सुई बिघडवलीय म्हणत्यात.”

घरी आम्ही आमची दखनी बोलायचो, पण गुऱ्हाळावर चार माणसांत मराठीच. अब्बा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “कशानं बिघडती? जाळानं, का धुरानं, का इंजनानं?”

हाच प्रश्न होता. मी आधी इंजिनावर संशय घेतला. घाण्याच्या इंजिनात ठिणग्या पडत असतील, त्यांची खरखर आमच्या यंत्रात येत असेल. ट्रान्झिस्टर घेऊन मी तासभर इंजिनाशेजारी उकिडवा बसलो. इंजिन चालवणारा गडी बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “पावणं, ह्ये डिझेलचं इंजन हाय. ह्येला ठिणगी नसती की.” हे मला माहीत होतं. शाळेत परीक्षेत लिहिलंही होतं. तरी मी त्याच्यावरच डाफरलो, की तू तुझं काम बघ.

मग धूर, मग वाफ. अब्बांना म्हटलं, जरा जाळ थांबवता का, सुई बघून येतो. अब्बा म्हणाले, “रस चढलाय आन् जाळ थांबवू? मालक तुला त्याच काहिलीत घालतील.”

राहिला पत्रा. त्याच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता, आणि तो खरा ठरू नये असं मला मनापासून वाटत होतं. मग मला बीकन आठवला. बीकनच्या लाटाही त्याच माळावरून, त्याच पत्र्यावरून जातात. पत्रा लाटांना त्रास देत असता तर बीकनही बिघडला असता. पायलटना विचारलं, ते म्हणाले बीकन चोख आहे. म्हणजे पत्रा सुटला. मला इतका आनंद झाला की त्या आनंदाचाच मला संशय यायला हवा होता.

साहेब म्हणाले, “पत्रा नसेल तर गुऱ्हाळाचं काम असेल. काम बंद ठेवून बघ.” चालू मोसमात गुऱ्हाळ बंद कोण ठेवणार? मी म्हटलं, त्यात काय, अमावास्या येतेच आहे. आपोआप बंद असतं. आपल्या या हुशारीवर मी दोन दिवस खूश होतो. बाहेरगावच्या कुणाला हे सुचलं नसतं.

अमावास्येला ड्रायव्हर जीप घेऊन उत्तरेच्या दगडांवर गेला आणि तिथून वायरलेसवर आकडे म्हणत राहिला. मी सुईसमोर बसलो. गुऱ्हाळ बंद, इंजिन बंद, धूर नाही, वाफ नाही. आणि सुई रोजच्यापेक्षा जास्त चुकली. रोज दहा-बारा अंश, त्या दिवशी वीस. मी ड्रायव्हरला परत त्याच दगडांवर पाठवलं. परत वीस. गुऱ्हाळ बंद ठेवल्यावर दोष वाढतो, हे कसं? मला काहीच कळेना. पण माझ्या मतलबाचं तेवढं मी उचललं. गुऱ्हाळ बंद असतानाही दोष आहे, म्हणजे गुऱ्हाळाचा संबंध नाही. मी अहवाल लिहिला, की दोष यंत्रात आहे, गुऱ्हाळ निर्दोष. साहेबांनी सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसं यंत्राचं पोट उघडून भाग तपासायला पाठवले.

महिन्यानं ते भाग परत आले. काही दोष नाही असा कागद बरोबर. बसवले. सुई तशीच.

साहेबांनी हुकूम काढला, की सुईवरून कुणाला दिशा सांगायची नाही. पौषातल्या एका सकाळी माळावर दाट धुकं होतं. विमान आलं, पायलटला खाली काही दिसेना, त्यानं दिशा विचारली. साहेब अजून पोचले नव्हते. बीकन आहे, त्यावर या, एवढंच सांगायला हवं होतं. पण मला दोन महिने त्या सुईनं छळलं होतं आणि मी तिला ओळखतो असा माझा समज झाला होता. सुई वाचली, मनानं बारा अंश वजा केले आणि आकडा सांगितला. त्या क्षणी सुई नेमकी दुसऱ्या बाजूला चुकलेली होती. म्हणजे मी चुकीत चूक मिळवली. विमान पार कसबा बावड्याकडे गेलं. धुक्यावर साखर कारखान्याची चिमणी दिसली तेव्हा पायलटला आपण कुठे आहोत ते कळलं आणि तो वळून नीट उतरला. खोलीत येऊन त्यानं चहा घेतला. ओरडला नाही. फक्त म्हणाला, “तुमची सुई मला कारखान्यावर घेऊन गेली होती.” दिसत नसताना कानावर विश्वास ठेवून येणारा माणूस कसा असतो, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेब आले तेव्हा मी सगळं सांगितलं. वजा केलेले अंशही आणि गुऱ्हाळावरचे अब्बाही. साहेबांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “हे आधी सांगायचंस.” आणि त्यांनी जाणकार बोलावला.

तो जाणकार म्हणजे पुण्याकडचे एक वयस्क इंजिनिअर. पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. यंत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीतून हातात मावेल असं सिग्नल मोजायचं मीटर काढलं आणि म्हणाले, “चला, फिरून येऊ.” साहेबांना वायरलेसचं बटण दाबून ठेवायला सांगून आम्ही गुऱ्हाळाच्या दिशेनं निघालो. कुंपणाशी गेल्यावर त्यांनी मीटर माझ्या हातात दिलं. एक पाऊल टाकलं तर काटा वर. आणखी एक टाकलं तर पडला. परत एक, परत वर. मी मागं गेलो, पुढं आलो. जमिनीवर काही नाही, वर आकाश, आणि काटा मात्र दर पावलाला चढतोय आणि पडतोय. मी येड्यासारखा तिथल्या तिथे पुढे-मागे नाचत होतो आणि म्हशी बघत होत्या.

“लाट दोन वाटांनी येते,” ते म्हणाले. “एक सरळ, आणि एक त्या पत्र्यावर आपटून. दोघी जुळल्या की जोर, विरुद्ध पडल्या की शून्य. तुमच्या सुईलाही पायलटचा आवाज दोन दिशांनी ऐकू येतो. कुठली खरी, तिला काय ठाऊक?”

“पण बीकन?” मी म्हणालो. मला राग आला होता. “बीकनच्या लाटा पत्र्यावर आपटत नाहीत?”

त्यांनी मीटर बीकनच्या लाटेवर लावलं आणि सांगितलं, आता चाला. मी कुंपणापासून पार गुऱ्हाळापर्यंत गेलो. काटा जागचा हलला नाही.

“पंचगंगेला पूर येतो तेव्हा घाटाची एखादी पायरी पुराच्या लेखी असते का? आणि रंकाळ्यातली बारीक लाट तसल्याच पायरीवर आपटून माघारी येते. बीकनची एक लाट जवळजवळ किलोमीटरभर लांब. तिच्यासाठी तुमचं गुऱ्हाळ नाहीच. वायरलेसवरच्या आवाजाची लाट पाच-साडेपाच हात. तिच्यासाठी ती भिंत म्हणजे भिंत.”

म्हणजे मी ज्याच्या साक्षीवर पत्र्याला सोडलं, त्या साक्षीदाराला पत्रा दिसतच नव्हता. हे कळलं तरी अर्धंच कळलं. मी अमावास्येचं सांगितलं. बंद गुऱ्हाळानं दोष दुप्पट कसा झाला? त्यावर तेही विचारात पडले. म्हणाले, “पुढची अमावास्या कधी?” दोनच दिवस होते. ते थांबले.

अमावास्येला सकाळी आम्ही गुऱ्हाळावर गेलो. अब्बा आणि चार गडी काहील धूत होते. रोज ती चुलवणावर आडवी असते. अमावास्येला ती उतरवायची, राखेनं घासायची आणि पाणी निथळायला ओट्याच्या कडेला उभी करून ठेवायची. आमच्या डोळ्यांसमोर त्यांनी ती उभी केली. पुरुषभर उंचीची ती लोखंडी कढई, तोंड आमच्या खांबाकडे करून उभी राहिली.

“हे दर अमावास्येला?” इंजिनिअरनी विचारलं.

“दर अमावास्येला,” मी म्हणालो.

जन्मल्यापासून मी हे बघत आलो होतो. लहानपणी त्या उभ्या काहिलीत तोंड घालून ओरडायचो, आवाज अंगावर परत यायचा म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी ओट्यावर खालीच बसलो.

इंजिनिअर त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना सांगून गेले, “काहील आडवीच ठेवायला सांगा. मग पत्र्यातला कुठला भाग नडतो ते नीट शोधा, आणि मला कळवा. पुढचं मी सांगतो.”

अब्बांना मी तिथेच सगळं समजावलं. लाट, दोन वाटा, लांब लाट आणि आखूड लाट. त्यांनी मधे एकदाच विचारलं, “म्हंजे खरा आवाज कंचा आन् माघारी आल्याला कंचा, ह्ये तुमच्या सुईला कळत न्हाई?”

“न्हाई.”

“मला कळतंय,” अब्बा म्हणाले. “ही भित हाय म्हणून तर मला ऐकू येतंय. उकळी समोरनं येती आन् भितीवरनंबी येती. दोन्ही मिळून एक हुतंय.” मग म्हणाले, “पर इमानातल्या माणसाचा जीव हाय. काढा म्हणत असतील तर काढू.”

दोन दिवसांनी, माघातल्या एका दुपारी, पत्रे उतरवले. मालक स्वतः आले होते. गडी वर चढून खिळे उपसत होते, खाली अब्बा हातांनी चाचपत एकेक पत्रा घेत होते. जीप दगडावर उभी. मी सुईसमोर, खिडकीतून फडकं हलवून खूण करणार. आधी भिंत काढली. प्रत्येक पत्र्याबरोबर सुई थोडी सरकली. शेवटचा उभा पत्रा निघाला तेव्हा ती जवळजवळ बरोबर होती. एखाद्या अंशाचा फरक, तेवढा तर श्रावणातही होता.

इथे थांबायला हवं होतं. भिंत नडते हे सापडलं होतं. तसं इंजिनिअरना कळवायचं, एवढंच मला सांगितलेलं. पण साहेब माझ्या मागे उभे होते. पहिला अहवाल बापासाठी लिहिला असं त्यांच्या मनात असणार, असं माझ्या मनात होतं. त्यांनी तसं एका शब्दानं म्हटलं नव्हतं. मला दाखवून द्यायचं होतं, की मी तसा माणूस नाही. मी फडकं परत हलवलं. छप्परही उतरवलं. सुईत काही फरक पडला नाही. त्याच दुपारी अहवाल लिहिला, की पत्र्याचं सर्व बांधकाम कायमचं हटवावं. साहेबांनी वाचून विचारलं, “सर्व?” मी म्हटलं, “सर्व.” त्यांनी सही केली, मालकांना पत्र गेलं आणि एक नक्कल पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गुऱ्हाळावर गेलो. उघड्यावर चुलवण पेटलं होतं. वारा माळावरून सरळ येत होता, जाळ एका अंगाला पडत होता. अब्बा रोजच्या जागी उभे होते, पण पाठीमागे काही नव्हतं. त्यांनी मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे. कानामागे हात धरला. पुढे सरकले, इतके पुढे, की मालकांनी त्यांना दंडाला धरून मागे घेतलं. हात वर गेला तो उशिरा. गूळ काळा पडला. दुसऱ्या काहिलीला ते घाबरले आणि लवकर सांगितलं. तो गूळ बसलाच नाही, संध्याकाळपर्यंत गूळ निववायच्या वाफ्यात तसाच लिबलिबीत पडून राहिला.

तिसऱ्या काहिलीला मालक स्वतः अब्बांच्या शेजारी उभे राहिले. म्हणाले, “चाचा, तुमी टेका जरा. मी बघतो.” आवाज मऊ होता. अब्बांनी हातातली ढवळणी त्यांच्याकडे दिली, ओट्यावरून पायानं चाचपत उतरले आणि मला हाक मारली. मी त्यांना हात धरून घरी आणलं. तोपर्यंत मी कधी त्यांचा हात धरून चाललो नव्हतो, त्यांना ते चालायचं नाही. त्या मोसमात ते परत गेले नाहीत. मालकांनी उरलेला ऊस कारखान्याला घातला.

सुई अगदी सरळ होती. पायलट खूश होते, साहेबांनी माझ्या कामाबद्दल वर चांगलं लिहिलं. मी रोज त्या सुईसमोर बसायचो आणि ती चुकावी असं मला वाटायचं. काय चुकलं होतं, हे मला सांगता येत नव्हतं. दोष होता, तो सापडला, काढला. मग हे काय सलतंय, म्हणून मी म्हशींवर, ड्रायव्हरवर आणि घरी अम्मीवर चिडत होतो.

चैत्रात पुण्याहून पाकीट आलं. इंजिनिअरनी माझा अहवाल वाचला होता. दोष फक्त उभ्या भिंतीचा आहे हे माझ्याच नोंदींवरून दिसतं, असं त्यांनी लिहिलं होतं. छपराला हात लावायचं कारण नव्हतं, आणि भिंतही काढायची गरज नव्हती. खाली पेन्सिलनं आकृती होती. आमचा खांब, गुऱ्हाळ, विमानाची वाट. भिंतीचं एक टोक दोन हात मागे घ्यायचं, की तिच्यावर आपटलेली लाट खांबाकडे न येता बाजूच्या मोकळ्या रानात निघून जाते. गुऱ्हाळ चालू राहू द्यावं, असं शेवटी लिहिलं होतं.

मी तो कागद पाच-सहा वेळा वाचला आणि घरी गेलो. अब्बा उंबऱ्यात बसले होते. अम्मीनं त्यांच्यापुढे लसणाची टोपली ठेवली होती आणि ते पाकळ्या सोलत होते. काम काही संपत नव्हतं आणि कुणाला घाई नव्हती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या दिवशी का कोण जाणे, घरातही मराठीतच बोललो.

अब्बांचे हात थांबले.

“म्हंजे भित ऱ्हायली असती?”

“व्हय.”

“छपरबी?”

“व्हय.”

“दोन हात?” त्यांनी उजवा हात पुढे धरला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हवेत एकदा मापलं, तिथून पुढे दुसऱ्यांदा मापलं. मग तो हात तसाच हवेत धरून म्हणाले, “येवढंच?”

मी मान हलवली, आणि ती त्यांना दिसत नाही हे मला बऱ्याच वेळानं कळलं. “व्हय,” मी म्हणालो.

त्यांनी हात खाली घेतला, टोपलीत चाचपून पुढची पाकळी उचलली.

“मालकास्नी नगं सांगू,” अब्बा म्हणाले. “पत्रं विकल्यात त्यांनी.”